चाकांतलें पाणी

इतिहास हा शब्द उच्चारतांच राज्यें, लढाया, तह आणि सनदा यांचीं चित्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. आणि भोर व वेल्हे या मुलुखाचा इतिहास म्हटला म्हणजे तर राजगड, तोरणा व रोहिडा यांवांचून दुसरें कांहीं आठवणें कठीण. परंतु मनुष्याच्या नित्याच्या वापरांतील वस्तूंनाहि इतिहास असतो. तो बखरींत सांपडत नाहीं. तो त्या वस्तूंच्या घडणींत, त्यांच्या सांध्यांत आणि त्या ज्या ठिकाणीं झिजतात त्या ठिकाणीं लिहिलेला असतो. सायकलच्या चाकाचा इतिहास या प्रकारचा आहे. आणि त्यांतील एक लहानसें प्रकरण, म्हणजे पावसांतून फिरून आल्यावर चाकांत राहणाऱ्या पाण्याचें, आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण श्रावणाच्या दिवसांत कापूरहोळाहून भोरपर्यंत किंवा नसरापुराहून वेल्ह्यापर्यंत ज्यानें सायकल हांकली आहे, त्याला घरीं आल्यावर चाक उचलतांना आंतून येणारा खळखळ असा मंद आवाज परिचित असेल. वरून चाक पुसून कोरडें केलेलें असतें, तारा चकचकीत दिसत असतात, तरी आंत कोठें तरी पाणी हालत असतें. हें पाणी आंत गेलें कोठून? तें आपोआप बाहेर कां येत नाहीं? आणि तसेंच राहूं दिलें तर काय होतें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे आपण दीडशें वर्षांच्या यंत्रविद्येच्या इतिहासांत जाऊन पोंचतों. आणि त्या इतिहासांतून निष्कर्ष असा निघतो कीं, चाक जसजसें सुधारत गेलें, तसतसें पाण्याला लपावयास नवें घर मिळत गेलें.

आधीं या मुलुखाकडे पाहूं, कारण चाकाची परीक्षा घ्यावयास याहून कठोर परीक्षक शोधूनहि मिळावयाचा नाहीं. पुणें-सातारा रस्ता सोडून पश्चिमेकडे वळलें कीं मावळचीं खोरीं लागतात. हिरडस मावळ, गुंजण मावळ, रोहिडखोरें, वेळवंडखोरें, कानदखोरें हीं नांवें शिवकालापासून आपल्या कानांवर आहेत. नीरेच्या कांठचें भोर हें पंतसचिवांच्या संस्थानाचें मुख्य ठिकाण. तें संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. संस्थानी अमलांत तालुक्यांना किल्ल्यांचीं नांवें असत. विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा हीं त्यांतलीं दोन. राजगड हें तिसरें. २०२४ सालीं वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय शासनानें केला, तेव्हां तालुक्यांच्या यादींतलें एक जुनेंच नांव पुन्हां वर आलें. तालुका वेल्ह्याचा म्हणा कीं राजगडाचा म्हणा, पाऊस मात्र तोच आहे.

पुणें शहरांत वर्षाकाठीं साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सह्याद्रीच्या धारेकडे चालूं लागलें कीं पावसाचें मान कोसागणिक वाढत जातें, आणि वरंध घाटाच्या किंवा मढे घाटाच्या माथ्यावर तें पुण्याच्या कित्येक पटींनीं होतें. तेथें पाऊस सरीसरींनीं पडत नाहीं. तो दिवसचे दिवस झडीसारखा चालतो, आणि वाऱ्याबरोबर आडवाहि येतो. रस्त्यावर तांबड्या मातीचा राडा असतो, ओढ्यांवरच्या फरशांवरून गुडघाभर पाणी जातें, आणि पाबे घाटाच्या वळणावळणांवर डोंगरावरून उतरणारें पाणी रस्त्यालाच ओढा करून टाकतें. या वाटांनीं शाळामास्तर गेले, विद्यार्थी गेले, हांड्याला दुधाच्या कासंड्या लटकावून गवळी गेले. आतां रविवारीं पुण्याहून हौशी सायकलस्वारांचे जथे येतात. प्रवासाचे हेतु बदलले. पण पाण्यानें चाकांत शिरण्याची रीति तीच राहिली.

सायकल ज्या देशांतून आपल्याकडे आली, ते देशहि पावसाला अनोळखी नव्हते. १८६९ हें वर्ष या इतिहासांत विशेष महत्त्वाचें आहे. त्या सालीं पॅरिसच्या सुरिरे नांवाच्या कारागिरानें सायकलच्या आंसासाठीं पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें, आणि त्याच सालच्या नोव्हेंबरांत पॅरिस ते रूआं ही शर्यत जेम्स मूर यानें तसल्या बेअरिंगच्या गाडीवर जिंकली. याच सुमारास यूजीन मेयर यानें लांकडी आऱ्यांच्या जागीं ताणलेल्या तारांचें चाक केलें. १८७४ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथील जेम्स स्टार्ली यानें या तारा आंसापासून सरळ न काढतां तिरप्या बसविल्या, व चाकाला पायडलचा पीळ सोसण्याची ताकद आली. १८८५ सालीं त्याचा पुतण्या जॉन केंप स्टार्ली याची रोव्हर नांवाची दोन सारख्या चाकांची गाडी निघाली, आणि १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉप यानें हवेनें भरलेल्या रबरी टायरचें पेटंट मिळविलें. आज आपण जिला सायकल म्हणतों ती वस्तु या १९ वर्षांत घडली.

योगायोग असा कीं, किर्लोस्कर उद्योगाचा आरंभहि १८८८ सालापासूनच धरला जातो, आणि तो आरंभ सायकलच्या दुकानानें झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ते मुंबईस सायकली घेऊन बेळगांवीं भावाकडे पाठवीत, व तेथें त्या विकल्या जात. गाडीची किंमत ७०० रुपयांच्या पुढें असे आणि ती चालवावयास शिकविण्याचे निराळे १५ रुपये पडत, असें सांगतात. त्या काळीं ही रक्कम म्हणजे एखाद्या कारकुनाची वर्षांची कमाई. अर्थात् पहिली सायकल हें श्रीमंताचें वाहन होतें, आणि श्रीमंत मनुष्य पावसांत ती बाहेर काढीत नसे. चाकांतल्या पाण्याचा प्रश्न खरा उभा राहिला तो सायकल स्वस्त होऊन मध्यमवर्गाच्या ओसरीवर आली तेव्हां. ज्याला दुसरें वाहन नाहीं, त्याला पाऊस असला तरी कचेरी चुकत नाहीं आणि शाळाहि चुकत नाहीं.

पाण्याचें पहिलें घर म्हणजे हब. चाकाच्या मध्यभागीं आंस स्थिर असतो आणि त्याभोंवतीं हब फिरतो. दोहोंच्या मध्यें, दोन्ही बाजूंस, वाटीसारख्या खळग्यांत पोलादी छर्रे बसविलेले असतात व त्यांना कोन नांवाचा शंकूसारखा पेंच दाबून धरतो. साध्या इंग्रजी घडणीच्या गाडींत पुढच्या हबांत बहुधा प्रत्येक बाजूस १० व मागच्यांत ९ छर्रे असतात. जर्मनींतील श्वाइनफुर्ट येथें फ्रीडरिख फिशर यानें १८८३ सालीं हे छर्रे सारख्या मापाचे घासून काढण्याचें यंत्र केलें, आणि तेव्हांपासून ही नाजूक वस्तु गरिबाच्या गाडींतहि आली. सारी गाडी या मूठभर गोळ्यांवर तोललेली असते.

जुन्या हबांच्या पोटावर तेल घालण्याचें एक भोंक असे व त्यावर पातळ पत्र्याची स्प्रिंगची पट्टी झांकण म्हणून बसविलेली असे. पट्टी सरकली किंवा हरवली कीं जेथून तेल जावयाचें तेथून पाणी जाऊं लागे. शिवाय कोन आणि वाटी यांच्या मधली फट ही राहणारच. ती मुळींच नसेल तर चाक फिरावयाचें नाहीं. सपाटीवरच्या रिमझिमींत या फटीतून फारसें पाणी जात नाहीं, कारण तेथें ग्रीसची भिंत असते. पण ओढ्याच्या फरशीवर आंसाच्या वर पाणी आलें, किंवा तापलेला हब एकदम गार पाण्यांत बुडून आंतली हवा आखडली, म्हणजे पाणी आंत ओढलें जातें. मग ग्रीस दुधाळ, पांढरट होऊं लागतें. त्याचा चिकटपणा जातो, छर्ऱ्यांवर गंजाचे ठिपके पडतात, वाटीला बारीक खळगे पडतात, आणि महिनाभरांत चाक फिरवतांना करकर असा आवाज येऊं लागतो. आवाज येतो तेव्हां नुकसान होऊन चुकलेलें असतें.

यावर इंग्लंडांतील कारखानदारांनीं जो उपाय काढला तो झांकण्याचा. पावसाळी देशांतील मनुष्य जसा अंगभर कोट घालतो, तशी त्यांनीं गाडी मडगार्डांनीं आणि चेनकव्हरांनीं मढविली. वुल्व्हरहॅम्प्टन येथील सनबीम गाडीची साखळी तर तेलाच्या बंद पेटींतच चाले, आणि ती पेटी दीर्घकाळ टिकण्याबद्दल प्रसिद्ध होती. हाच काळा, उंच, भक्कम नमुना हिंदुस्थानांत आला, आणि १९३९ सालीं मुंबईंत हिंद सायकल्स, १९४९ सालीं मद्रासेस टी. आय. सायकल्स, पुढें १९५१ सालीं सोनिपतास ॲटलस असे कारखाने निघाले तेव्हां त्यांनींहि तोच उचलला.

पण झांकण कितीहि चांगलें असलें तरी मावळच्या पावसापुढें तें पुरे पडत नाहीं, हें येथल्या लोकांनीं अनुभवानें ओळखलें, आणि झांकण्याच्या जोडीस उघडण्याची चाल पाडली. ओव्हरहॉलिंग हा इंग्रजी शब्द आपल्या खेड्यांत ओव्हरऑयलिंग होऊन बसला, तो याच चालीमुळें. शब्दाचें रूप चुकलें, पण अर्थ हरवला नाहीं. किंबहुना कामाचा मुख्य भाग काय तें या अपभ्रंशानेंच अधिक स्पष्ट केलें. कारागीर चाक काढतो, कोन सोडवितो, छर्रे घासलेटांत धुतो, वाटी फडक्यानें पुसून बोटानें चांचपून पाहतो, नवें ग्रीस भरून त्यांत एकएक छर्रा दाबून बसवितो, आणि शेवटीं कोन असा आवळतो कीं चाकाला खेळ राहूं नये व अडखळहि होऊं नये. हें शेवटचें काम मापानें होत नाहीं, हातानें होतें. पावसाळा सरतां सरतां, दसऱ्याच्या आधीं, हें काम करून घेण्याची पुष्कळ घरांत रीत होती. खंडेनवमीस जेव्हां सायकलला झेंडूची माळ पडे, तेव्हां तिच्या आंतलें पावसाळी पाणी निघून गेलेलें असे. शस्त्रें पावसाळ्यानंतर घासून पुसून पूजावयाचीं, या जुन्या रिवाजाला ही चाल सहज जुळली.

पाण्याचें दुसरें घर म्हणजे रिम. तारांच्या चाकाचें सामर्थ्य त्याच्या तारांच्या ताणांत आहे, आणि प्रत्येक तार रिमला बांधावयाची म्हणजे रिमला भोंक पाडणें आलें. आपल्या साध्या गाडीला पुढें ३२ व मागें ४० तारा असतात. त्यांचीं ७२ भोंकें आणि हवेच्या वालाचीं २, अशीं एका गाडीला पाणी शिरावयास ७४ दारें होतात. प्रत्येक दारांत निपल नांवाची पितळी किंवा पोलादी टोपी बसविलेली असते खरी, पण ती तार आवळण्यासाठीं असते, पाणी अडविण्यासाठीं नव्हे. पाणी तारेवरून ओघळत येतें, निपलच्या कडेनें चढतें, आणि रिमच्या आंतल्या पट्टीखालीं जाऊन बसतें. ही पट्टी ट्यूबला निपलच्या टोंकांपासून वांचविण्याकरतां असते. कापडी असली तर ती ओल धरून ठेवते, रबरी असली तर ओल झांकून ठेवते. दोन्ही प्रकारीं निपलचीं टोंकें गंजतात. गंजाची खपली निघून ट्यूबला टोंचते, आणि खिळा-कांटा कांहींच न सांपडतां पंक्चर होतें. पुढें एके दिवशीं तार निपलपाशीं तुटते, चाकाला आउट येते, आणि मनुष्य रस्त्याला दोष देतो.

काळ्या इंग्रजी गाडीला जी वेस्टवूड नांवाची रिम असे, तिच्यांत एक आणखी खोड होती. त्या गाडीचे ब्रेक लोखंडी दांड्यांवर चालत आणि त्यांचे गुटके रिमला बाजूनें न लागतां आंतल्या अंगास, आंसाच्या दिशेनें, लागत. रिमला बळकटी यावी म्हणून तिच्या दोन्ही कडा वळवून बारीक नळीसारख्या पोकळ केलेल्या असत. या पोकळींत गेलेलें पाणी निघणें कठीण. वरून रिम चमकत असे, कारण १९२० नंतरच्या दशकांत निकेलच्या मुलाम्यावर क्रोमियमचा मुलामा देण्याची कला प्रचारांत आली होती. परंतु क्रोमियमचा एक गुण, किंवा अवगुण, असा कीं, तें उघड्या पृष्ठभागावर चांगलें बसतें आणि खांचाखोबणींत पोंचत नाहीं. म्हणजे जेथें डोळा पोंचतो तेथें मुलामा, आणि जेथें पाणी पोंचतें तेथें उघडें लोखंड. अशी रिम बाहेरून आरशासारखी असतांना आंतून कुजत जाते व एखाद्या खड्ड्यांत तिची कड उलगडते. न गंजणारें पोलाद शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली यानें १९१३ सालींच तयार केलें होतें. पण तें महाग असल्यानें सामान्य गाडीच्या वांट्याला फार उशीरां आलें.

याच चकचकीत रिमचा दुसरा धोका घाटांत कळतो. ओल्या क्रोमच्या रिमवर रबरी गुटक्याची पकड फारच कमी होते. ब्रेक दाबल्यावर चाकाचे पहिले कांहीं फेरे नुसतें पाणी पुसण्यांत जातात, आणि मग ब्रेक लागूं लागतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर या विलंबाची किंमत एखादी शिवी असेल. वरंध घाटाच्या उतारावर ती याहून मोठी असते. म्हणून जाणता सायकलस्वार पावसांत उतार लागण्यापूर्वींच ब्रेक हलके हलके लावून रिम पुसत जातो. पुढें ॲल्युमिनियमच्या रिम आल्या, त्यांवर ओल्यांतहि पकड बरी राहते. आतां चाकाच्या मध्याशीं तबकडी बसवून तिला ब्रेक लावण्याची पद्धति आली आहे, आणि तिनें रिमच्या ओलीचा आणि ब्रेकचा संबंधच तोडून टाकला आहे. या बाबतींत सुधारणा निर्विवाद आहे, आणि तिनें अनेकांचे प्राण वांचविले असतील.

पण त्याच ॲल्युमिनियमच्या रिमनें पाण्याला तिसरें घर दिलें, आणि तें सर्वांत बंदिस्त. ॲल्युमिनियम हलकें खरें, पण पोलादापेक्षां मऊ. म्हणून त्याची रिम भक्कम करावयाची तर ती दुहेरी भिंतींची, मध्यें पोकळ, अशी करावी लागते. या रिमची एक गंमतीची हकीकत आहे. १९३४ सालीं फ्रान्सच्या माव्हिक कंपनीनें ड्युरॅल्युमिनची पोकळ रिम तयार केली. त्या वेळीं शर्यतींत लांकडी रिम वापरीत. फ्रान्सच्या महायात्रेंत, म्हणजे तूर द फ्रान्समध्यें, आंतोनॅं मान्य या सायकलपटूनें ही नवी धातूची रिम लांकडाचा रंग देऊन, कोणाच्या लक्षांत येऊं न देतां वापरली, आणि ती शर्यत जिंकली. तेव्हांपासून हलक्या चाकाचें भवितव्य पोकळ रिमशीं बांधलें गेलें. आपल्याकडे गिअरच्या सायकली घरोघर येऊं लागल्या तेव्हां त्यांबरोबर ही दुहेरी रिमहि आली, आणि आज भोरच्या रस्त्यावर दिसणाऱ्या हौशी गाड्यांपैकीं बहुतेकांचीं चाकें तशींच आहेत.

आरंभीं जो खळखळ आवाज सांगितला, तो या पोकळीचा. आंत गेलेलें पाणी बाहेर कां येत नाहीं, याचें उत्तर फार सोपें असून सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. निपलचीं भोंकें रिमच्या आंतल्या भिंतीला, म्हणजे आंसाकडे तोंड करून असतात. चाक फिरत असतां सर्व पाणी बाहेरच्या भिंतीकडे, टायरच्या बाजूला, फेंकलें जातें, भोंकांपासून दूर. चाक थांबलें कीं पाणी खालीं उतरून तळाशीं जमतें. आणि तळाशीं रिमची बाहेरची भिंत खालीं व निपलचीं भोंकें वर अशी स्थिति असते. म्हणजे गाडी चालत असो वा उभी असो, पाणी आणि दार यांची गांठ पडतच नाहीं. बाहेरच्या भिंतीलाहि निपल बसविण्यासाठीं पाडलेलीं मोठीं भोंकें असतात. पण त्यांवर पट्टी घट्ट बसलेली, पट्टीवर ट्यूब फुगलेली आणि ट्यूबवर टायर. राहिलें वालाचें भोंक. तेंहि वालानें व त्याच्या चकतीनें बुजलेलें. थेंबें थेंबें तळें सांचे ही म्हण येथें अक्षरशः खरी होते. फरक इतकाच कीं या तळ्याला सांडवा नाहीं.

कांहीं कारखानदार रिमला पाणी निघण्याचीं बारीक छिद्रें ठेवतात. पण तीं चिखलानें बुजतात, किंवा त्यांचा उपयोग काय तें न समजून मालकच तीं बुजवून टाकतो. आंत राहिलेलें पाणी ॲल्युमिनियमला पोलादासारखें तांबडें गंजवीत नाहीं. त्याची पांढरी पूड करतें. पितळी निपल, पोलादी तार आणि ॲल्युमिनियमची रिम हे तीन निरनिराळे धातु ओलीच्या संगतीनें एकमेकांशीं झगडूं लागतात, आणि त्यांत ॲल्युमिनियमची हानि आधीं होते. निपल रिमला चिकटून बसतें. मग चाकाची आउट काढावयास जावें तर निपल फिरत नाहीं, तारच पिळली जाते. ज्या चाकाची आउट काढतां येत नाहीं तें चाक मोडींतच गेलें, मग त्याची किंमत कांहीं असो.

हबाचेंहि तसेंच झालें. आतांच्या पुष्कळ गाड्यांत छर्रे सुटे नसतात. ते एका बंद कड्यांत रबरी पडद्याआड बसविलेले असतात. पाऊस बाहेर ठेवण्याचें काम हा पडदा उघड्या कोनापेक्षां पुष्कळ चांगलें करतो, हें मान्य केलें पाहिजे. परंतु त्यालाहि वय असतें; आणि गाडी धुवावयाच्या जोरदार फवाऱ्यापुढें तो टिकत नाहीं. फवारा हबावर रोखून धरला म्हणजे जें सह्याद्रीच्या झडीनें केलें नसतें तें मालक आपल्या हातानें करतो. एकदां पाणी पडद्याआड गेलें कीं तोच पडदा तें आंत कोंडून ठेवतो.

आतां उपाय सांगावयाचा. तो नवा नाहीं. जुन्या कारागिराच्या चालीचाच तो विस्तार आहे. पावसांतून आल्यावर गाडी फडक्यानें पुसावी, आणि प्रत्येक चाक कानाशीं धरून हळूंच डोलवून पाहावें. आवाज आला तर वालाची चकती सोडवावी, हवा काढावी, वाल अगदीं तळाशीं येईल असें चाक उभें धरावें आणि वाल थोडा वर ढकलून चाक मागेंपुढें डोलवावें. कांहीं पाणी तेवढ्यानेंहि ठिबकून जाऊं शकतें. तरीहि ओल उरल्याचा संशय असेल, आणि मावळांतून दिवसभर फिरून आल्यावर तो असावाच, तर टायर, ट्यूब व पट्टी काढून रिम उघडी करावी. बाहेरच्या भिंतीचीं भोंकें मोकळीं झालीं कीं चाक सावकाश फिरवितां फिरवितां सर्व पाणी निघून जातें. मग एक दिवस चाक वाऱ्यावर टांगावें. श्रावणांत ऊन नसेल तर चुलीपासून किंवा शेगडीपासून जरा दूर, ऊब लागेल अशा जागीं ठेवावें. निपलच्या मुळाशीं तेलाचा एकएक थेंब सोडावा, मात्र ब्रेक लागण्याच्या जागेला व तबकडीला तेलाचा स्पर्श होऊं देऊं नये. पट्टी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत बसवूं नये. ज्या गाडीचा टायर ट्यूबशिवाय चालतो, तिची पट्टी हवाबंद असते व वारंवार काढतां येत नाहीं. तिच्या रिमचीं छिद्रें तरी दाभणानें मोकळीं ठेवावींत. जुन्या काळ्या गाडीच्या हबांत पावसाळ्यापूर्वीं ग्रीस भरून घ्यावें आणि दसऱ्यापूर्वीं तें बदलावें. या सर्व कामास एक सकाळ पुरते.

एवढ्या लांबलचक हकीकतीवरून काय दिसतें? दीडशें वर्षें यंत्रज्ञांचा बहुतेक प्रयत्न पाण्याला आंत येऊं न देण्याकडे झाला. झांकणें आलीं, मुलामे आले, पडदे आले, आणि प्रत्येकानें कांहीं ना कांहीं काम केलें. परंतु आलेल्या पाण्याला बाहेर कसें जाऊं द्यावें, या प्रश्नाकडे त्यामानानें कमी लक्ष गेलें. ही गोष्ट मावळच्या माणसाला विचित्र वाटावी अशी आहे, कारण त्याचें सारें जीवन या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर उभें आहे. भातखाचराचा बांध कितीहि पक्का घातला तरी शेतकरी त्याला पाणी काढून देण्यासाठीं तोंड ठेवतोच. नाहीं तर एका रात्रींत बांध जातो. भोरच्या जवळ वेळवंडीवर जें भाटघरचें मोठें धरण विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पुरें झालें, त्याच्या भिंतीइतकेंच महत्त्व त्याच्या दरवाजांना आहे. आणि वरंध घाटाच्या कडेला ज्या दगडी भिंती डोंगर धरून उभ्या आहेत, त्यांतलीं लहान लहान छिद्रें सायकलवरून जाणाऱ्या प्रत्येकानें पाहिलीं असतील. पावसाळ्यांत त्यांतून पाण्याच्या धारा पडत असतात. भिंत बांधणाऱ्या गवंड्यानें पाण्याला अडविलें नाहीं, वाट दिली. म्हणून भिंत उभी आहे. चाकाच्या रिमला ठेवलेलें बारीक छिद्र हें त्याच जातीचें आहे.

रस्त्याच्या कडेला, एका पंपावर आणि परातभर पाण्यावर दुकान मांडून बसणारा सायकलचा कारागीर हा या बाबतींत त्या गवंड्याचाच भाऊबंद होय. त्याला माव्हिकचें नांव ठाऊक नसेल. पण बंद वस्तु वर्षांतून एकदां तरी उघडली पाहिजे, हें त्याला पक्कें ठाऊक होतें. असे कारागीर आतां कमी होत चालले आहेत, आणि त्यांच्या जागीं आलेल्या मोठ्या दुकानांत वस्तु उघडण्यापेक्षां बदलण्याकडे कल अधिक. चाक बदलावयास पैसे लागतात, उघडावयास वेळ लागतो. भोर-वेल्ह्याकडल्या ज्या घरांत मुलगा किंवा मुलगी अजून सायकलनें शाळेस जाते, तेथें पैशांपेक्षां वेळ काढणें सोपें आहे. अशा घरीं वडील माणसानें पावसाळ्यांत एकदां मुलांना जवळ बसवून चाक उघडून दाखवावें. चाकाच्या पोटांतून पाणी निघतें, हें मुलांना खरें वाटत नाहीं; तें परातींत पडलेलें दिसलें म्हणजे मग त्यांना पुन्हां सांगावें लागत नाहीं.